आकडे सगळे शाबूत, तरी नकाशा चुकलेला: ग्रिड डेटाचा फॉरमॅट बदलताना नेमकं काय होतं

मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कन्व्हर्टर, म्हणजे एका फॉरमॅटची फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणारा प्रोग्राम, लिहिला तेव्हा तो जेमतेम वीस ओळींचा होता. पहिल्याच रनला चालला, एरर नाही, वॉर्निंग नाही, फाइलची साइझ पण बरोब्बर, म्हटलं झालं काम. नकाशावर उघडून बघतो तर जिथे ५०० मीटर उंचीचं पठार असायला हवं तिथे उंची दाखवतोय उणे ३०७१ मीटर, आणि शेजारच्याच चौकोनात, जिथे ५०१ हवे होते, तिथे उणे २८१५. सगळा डोंगराळ भाग जुन्या टीव्हीचा सिग्नल गेला की मुंग्या यायच्या ना, तसा दिसत होता.

झालं असं होतं की ५०० हा आकडा दोन बाइटमध्ये १ आणि २४४ असा लिहितात, कारण १ गुणिले २५६ अधिक २४४ म्हणजे ५००. काही फॉरमॅटमध्ये मोठ्या किमतीचा बाइट आधी येतो, काहींमध्ये नंतर. मी उलटा वाचला, २४४ गुणिले २५६ अधिक १ म्हणजे ६२४६५, आणि तो आकडा चिन्हासकट वाचायचा असल्यामुळे त्यातून ६५५३६ वजा झाले, राहिले उणे ३०७१. एकही बाइट हरवला नव्हता बरं का, सगळे जागच्या जागी होते. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की या कामात आकडे सहसा हरवत नाहीत, हरवतो तो त्यांचा अर्थ, आणि तो हरवला हे प्रोग्राम तुम्हाला सांगत नाही.

आता ग्रिड डेटा म्हणजे काय ते आधी बघू. पृथ्वीच्या एखाद्या तुकड्यावर जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा लिहायचा, उंची, तापमान, पाऊस, जमिनीवर जंगल आहे की शेत, काहीही. कॉम्प्युटरला हे फक्त आकड्यांचं टेबल दिसतं. त्या टेबलाचा नकाशा व्हायला आणखी थोडी माहिती लागते: कोपरा कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे, एक चौकोन केवढा, पहिली ओळ उत्तरेची की दक्षिणेची, आकडे मीटरमध्ये आहेत की फुटात, आणि जिथे मोजमापच झालेलं नाही तिथे कुठला खोटा आकडा भरलाय. हे सगळं कुठे लिहायचं आणि कसं लिहायचं यावरूनच फॉरमॅट वेगवेगळे झालेत, टेबल सगळीकडे तेच.

माझं आवडतं उदाहरण एसआरटीएमचं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलने ११ दिवस रडारने जमीन मोजली आणि त्यातून उंचीचा डेटा तयार झाला. त्याच्या एचजीटी फाइलमध्ये हेडर, म्हणजे सुरुवातीला फाइलची माहिती देणारा भाग, हा प्रकारच नाही, पहिल्या बाइटपासून थेट उंच्या सुरू. मग जागा कशी कळते? फाइलच्या नावावरून! नावात नैर्ऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश असतात, आणि जाळी किती बारीक ते साइझवरून ओळखायचं, २,५९,३४,४०२ बाइट असतील तर ३६०१ बाय ३६०१ ची जाळी, २८,८४,८०२ असतील तर १२०१ बाय १२०१. म्हणजे कुणी ती फाइल डाउनलोड करून नाव बदलून ठेवलं की तो डोंगर जगात कुठे आहे ते कायमचं गेलं. मजा वाटते, पण लोक असं रोज करतात.

त्या ३६०१ मध्येपण एक गोम आहे. एका अंशात ३६०० सेकंद (कोनाचे, घड्याळाचे नाहीत), मग एक जास्तीचा कुठून आला? तर इथे आकडा चौकोनाचा नसून बिंदूचा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजले तर ३६०१ बिंदू होतात, त्यामुळे शेजारच्या दोन फाइलींची कडेची ओळ सारखीच असते. उलट सॅटेलाइट फोटोत आकडा अख्ख्या चौकोनाचा असतो. जिओटिफ या फॉरमॅटमध्ये (त्याच्याबद्दल पुढे येईलच) यासाठी वेगळी खूण ठेवतात, हा पिक्सेल क्षेत्र आहे की बिंदू, आणि कन्व्हर्ट करताना ती खूण गळली की अख्खा नकाशा अर्धा चौकोन सरकतो. एक सेकंदाच्या जाळीत अर्धा चौकोन म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण १५ मीटर. डोळ्याला दिसत नाही पण त्यावर नदीचा प्रवाह काढायला गेलात की पाणी काठावरून वाहायला लागतं. साध्या आस्की ग्रिडमध्ये, म्हणजे आकडे साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेल्या फाइलमध्ये, हेच हेडरमधल्या एका शब्दावर ठरतं, कोपरा दिलाय की केंद्र दिलाय, आणि घाईत लिहिलेले कितीतरी कन्व्हर्टर दोन्ही शब्द एकच समजून पुढे जातात.

आता मुख्य मंडळी. ग्रिब हा हवामानवाल्यांचा फॉरमॅट, जागतिक हवामान संघटनेने ठरवलेला. हवामानाचा अंदाज एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात कमीत कमी जागेत पाठवता यावा म्हणून बनवलेला, आणि ते त्याच्या हाडामाशीत दिसतं. फाइल म्हणजे एकामागून एक निरोप, प्रत्येक निरोप ‘ग्रिब’ या चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो आणि ७७७७ ने संपतो. आत ‘तापमान’ असं कुठेही लिहिलेलं नसतं, नुसते कोड असतात, ग्रिबच्या दुसऱ्या आवृत्तीत ०, ०, ० म्हणजे तापमान आणि ०, १, ८ म्हणजे एकूण पाऊस. हा अर्थ लावायचं टेबल फाइलच्या बाहेर, त्यातून प्रत्येक केंद्राला स्वतःचे जादा कोड वापरायची मुभा, त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअरकडे ते टेबल नसेल तर आकडे नीट वाचले जातात पण ते कशाचे आहेत त्यापुढे ‘अज्ञात’.

नेटसीडीएफ याच्या अगदी उलट, बोलका फॉरमॅट. युनिडाटाने बनवला, फाइल स्वतःच सांगते की माझ्यात हे हे व्हेरिएबल आहेत, हे त्यांचं युनिट, हे अक्षांश, हा वेळ. पण बोलका असला म्हणून खरं बोलेल असं नाही. अक्षांशाला कुणी ‘लॅट’ म्हणतं, कुणी ‘वाय’, कुणी आणखी काही, म्हणून सीएफ नावाचे नियम आले, की नावं कशी ठेवायची, युनिट कसं लिहायचं. ते पाळलेली फाइल मिळाली की अर्धं काम झालं समजा. ही फाइल आतून दोन प्रकारची असते हेपण ठाऊक असू द्या, जुनी क्लासिक आणि एचडीएफ-५ या दुसऱ्याच एका फॉरमॅटवर उभी असलेली चौथी आवृत्ती. एक्स्टेन्शन दोन्हींचं तेच, म्हणून नावावर विश्वास न ठेवता पहिले काही बाइट बघून ठरवायचं.

आणि जिओटिफ हा मुळात फोटोचा फॉरमॅट, त्याला पत्ता चिकटवलाय. नकाशाच्या सॉफ्टवेअरला हाच सगळ्यात जवळचा. पण त्याला वेळ म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्याकडे फक्त बँड असतात, एकावर एक ठेवलेले कागद. तुमच्या नेटसीडीएफमध्ये २४ तास आणि १० उंचीचे थर असतील तर जिओटिफमध्ये होणार २४० बँड, आणि १३७ वा बँड कुठल्या तासाचा, कुठल्या थराचा हे वेगळं लिहून ठेवलं नाही तर आठवड्याने तुम्हालापण सांगता येणार नाही.

हे सगळे फॉरमॅट एकमेकांत बदलायचे तर सरळ हिशोब करून बघा, १२ फॉरमॅट असतील आणि प्रत्येकातून प्रत्येकात जायला वेगळा कन्व्हर्टर लिहिला तर १३२ लिहावे लागतील. म्हणून शहाणी माणसं मध्ये एक समाईक साचा ठेवतात, प्रत्येक फॉरमॅटमधून साच्यात आणायचा एक वाचक आणि साच्यातून बाहेर काढायचा एक लेखक, २४ मध्ये काम भागतं. जीडाल ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, याच कल्पनेवर उभी आहे, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केली, आज तिला शंभराहून जास्त रास्टर, म्हणजे ग्रिड डेटाचे, फॉरमॅट कळतात, आणि क्यूजीआयएससारखी नकाशाची सॉफ्टवेअरं आतून तीच वापरतात. तुम्ही तिचं नाव ऐकलं नसेल तरी तिचा वापर बहुतेक केलेलाच असणार.

पण समाईक साच्याची एक किंमत असते, साच्यात जे मावत नाही ते सांडतं. जीडालचा मूळ साचा सपाट नकाशाचा, दोन मिती आणि बँड. त्याच्यात कोपरा-चौकोन-तिरकेपणा सांगणारे सहा आकडे असतात, आणि त्यातला चौकोनाच्या उंचीचा आकडा सहसा उणे, कारण ओळी वरून खाली म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजल्या जातात. आता जाळी वाकडी असेल, म्हणजे प्रत्येक बिंदूला स्वतःचा वेगळा अक्षांश-रेखांश असेल, तर हे सहा आकडे पुरतच नाहीत. बहुमितीय डेटासाठी २०२० मध्ये ३.१ आवृत्तीत जीडालने वेगळी सोय केली, तरी वेळेसकट हवामानाचा डेटा हाताळायचा असेल तर मी पायथनमधलं एक्सरे किंवा हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लँक संस्थेतलं सीडीओ उचलतो, आणि शेवटी नकाशा बनवायच्या वेळी जीडालकडे येतो. एकाच हत्याराने सगळं करायचा हट्ट करण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्षात कुठे माती खातात ते ईआरए-५ घेऊन बघू, युरोपियन हवामान केंद्राचा १९४० पासूनचा तासातासाचा डेटा. जाळी पाव अंशाची, १४४० बाय ७२१. रेखांश ० पासून सुरू होऊन ३५९.७५ वर संपतात. आपल्या नेहमीच्या नकाशात उणे १८० ते १८० असतं, त्यामुळे सरळ कन्व्हर्ट केलं की अमेरिका खंड युरोपच्या डावीकडे दिसायच्या ऐवजी नकाशाच्या पार उजव्या टोकाला जाऊन बसतं. उपाय सोपा आहे, जाळी १८० वर कापायची आणि उजवा अर्धा तुकडा उचलून डावीकडे लावायचा, एकही आकडा बदलत नाही. पण लोक काय करतात, हे प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत बदलायचं, काम समजून रिप्रोजेक्ट करणारी कमांड मारतात, आणि मग आकडे पुन्हा काढले जाऊन उगाच गुळगुळीत होतात. आणि ७२१ ओळी का, तर दोन्ही ध्रुव धरून बिंदू मोजलेत. त्यांना चौकोन समजलात की वरच्या ओळीची कड जाते ९०.१२५ अंशांवर, म्हणजे उत्तर ध्रुवाच्याही उत्तरेला! काही सॉफ्टवेअर यावर कुरकुरतात, काही गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

पॅकिंगचा सापळा तर याहून वाईट. जागा वाचवायला तापमान दशांशात न ठेवता दोन बाइटच्या पूर्णांकात ठेवतात आणि सोबत दोन आकडे देतात, एकाने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा गुणायचा ०.००२ आणि मिळवायचा २५५, तर १५००० चा अर्थ २८५ केल्विन. इथपर्यंत ठीक. आता ‘डेटा नाही’ यासाठी उणे ३२७६७ हा आकडा ठेवलेला आहे, आणि तुम्ही तो आधी न तपासता सगळ्यांनाच गुणून मिळवून मोकळे झालात, तर जिथे काहीच माहिती नाही तिथे येतं १८९.५ केल्विन, साधारण उणे ८४ सेल्सिअस. अंटार्क्टिकात हिवाळ्यात इतकी थंडी खरंच पडू शकते, म्हणून कुणाला शंकापण येत नाही. आणि प्रत्येक महिन्याच्या फाइलचे हे दोन आकडे वेगळे असू शकतात. मी एकदा १२ महिने जोडताना पहिल्या महिन्याचेच सगळ्यांना लावले, आणि महिना बदलला की तापमान एकदम उडी मारायचं. दोन दिवस मी त्यात हवामानाचं कारण शोधत बसलो होतो.

डेटा टाइपबद्दल थोडक्यात: दशांशातली उंची एका बाइटमध्ये कोंबायला सांगितली तर जीडाल तक्रार न करता २५५ च्या वरचं सगळं २५५ करतं, आणि डोंगरांचा होतो टेबलासारखा माळ. उंचीच्या डेटावर फोटोचं जेपेग कॉम्प्रेशन तर लावूच नका, ते जागा वाचवायला आकडेच थोडे थोडे बदलतं.

वेळेचा विषय काढला की हवामानवाले हसतात, कारण त्यांनी सगळं भोगलंय. नेटसीडीएफमध्ये तारीख नसते, ‘अमुक तारखेपासून इतके तास’ असं असतं, आणि सोबत कॅलेंडर. काही क्लायमेट मॉडेलमध्ये लीप वर्षच नाही, काहींमध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं, त्यामुळे ३० फेब्रुवारी ही तारीख तिथे अगदी राजरोस असते. तुमच्या कन्व्हर्टरने ती नेहमीच्या कॅलेंडरमध्ये घालायचा प्रयत्न केला तर एकतर तो कोसळेल, आणि कोसळला तर नशीब समजा, नाहीतर गुपचूप २ मार्च करून देईल.

दिशेचा गोंधळपण कमी नाही. डब्ल्यूजीएस-८४ या, जीपीएस वापरतं त्या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीच्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश मग रेखांश, सॉफ्टवेअरवाले मात्र एक्स आधी म्हणून रेखांश आधी लिहीत आले. २०१९ मध्ये जीडालच्या ३.० आवृत्तीने अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली आणि जगभरच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये नकाशे आडवे झाले. त्याहून गंमत एनटीव्ही-२ ची, हा जुन्या नकाशाचे कोऑर्डिनेट नव्यात बदलायला लागणाऱ्या फरकांच्या जाळीचा फॉरमॅट, कॅनडात बनलेला, त्यात पश्चिमेचे रेखांश अधिक धरतात. जगाच्या त्या बाजूला बसून बघितलं तर बरोबरच आहे म्हणा. शेजारी जीटीएक्स हा दुसरा फॉरमॅट, त्यात ओळी दक्षिणेकडून सुरू होतात. या सगळ्या कटकटीला कंटाळूनच प्रोज या लायब्ररीने २०२० मध्ये ७.० आवृत्तीपासून अशा जाळ्या जिओटिफमध्ये ठेवायला घेतल्या.

आता एक फरक नीट धरून ठेवा. फॉरमॅट बदलणं म्हणजे तेच आकडे दुसऱ्या डब्यात भरणं. जाळी बदलणं, म्हणजे प्रोजेक्शन किंवा चौकोनाची साइझ बदलणं, हे वेगळं काम, त्यात नवे आकडे काढावे लागतात. पहिल्यासाठी जीडालमध्ये ट्रान्सलेट, दुसऱ्यासाठी वॉर्प. दुसरं करताना विचारायचं की हा आकडा कसला आहे. तापमान असेल तर आजूबाजूच्या चार आकड्यांवरून मधला काढला तरी चालतो. जमिनीच्या वापराचे कोड असतील, २ म्हणजे जंगल, ३ म्हणजे शहर, ४ म्हणजे पाणी, तर जंगल आणि पाणी यांची सरासरी काढलीत की तळ्याच्या काठाने शहर वसतं. तिथे जवळचा आकडा नाहीतर जास्त वेळा येणारा आकडा घ्यायचा. मिलिमीटरमधला पाऊस मोठ्या चौकोनात नेताना सरासरी घ्यायची, पण लोकसंख्या असेल तर बेरीज, सरासरी घेतलीत तर माणसं गायब. हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही, कळू शकतही नाही, ते तुम्हीच सांगायचं.

स्वतः कन्व्हर्टर बांधणार असाल तर सुरुवातीलाच मेमरीचं गणित करा. ईआरए-५ चा एका तासाचा एक नकाशा चार बाइटच्या आकड्यांत सुमारे ४.१५ एमबी, वर्षाचे ८७६० तास धरले तर एकाच व्हेरिएबलचे ३६ जीबीच्या वर. सगळं एकदम मेमरीत घ्यायचा कोड छोट्या टेस्ट फाइलवर मस्त चालतो आणि खऱ्या फाइलवर मशीन बंद पाडतो. तुकड्यातुकड्याने वाचा, आणि ते तुकडे फाइलमध्ये ज्या आकारात ठेवलेत त्याच आकारात वाचा, कारण कॉम्प्रेस केलेल्या तुकड्यातला एक आकडा हवा असला तरी अख्खा तुकडा उघडावा लागतो. एका तासाचा पूर्ण नकाशा असे तुकडे असतील तर नकाशा झटक्यात मिळतो, पण एका जागेचं वर्षभराचं तापमान मागितलं की ८७६० तुकडे उघडा. दोन्ही झटपट हवं म्हणणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या फाइली करून द्या, वाद घालू नका. लिहिताना ४ जीबीची मर्यादापण लक्षात असू द्या, साध्या टिफमध्ये पत्ते ३२ बिटचे असतात, त्यापुढे बिगटिफ लागतं, आणि हे बहुतेकांना ९७ टक्के काम झाल्यावर कळतं.

तपासायचं कसं, तर पहिली कल्पना सगळ्यांना हीच सुचते की अ मधून ब मध्ये न्यायचं, परत अ मध्ये आणायचं आणि जुळतंय का बघायचं. करा, पण त्यावर विसंबू नका, कारण तुमचा वाचक आणि लेखक दोघंही ओळी उलट्या मोजत असतील तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि टेस्ट हिरवी दिसते. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या टूलने एकदा वाचून बघा, ग्रिबला डब्ल्यूग्रिब-२, नेटसीडीएफला एनसीडंप, बाकी कशालाही जीडालइन्फो, आणि कमीतकमी, जास्तीतजास्त, चार कोपरे, रिकाम्या चौकोनांची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का बघा.

आणि टेस्टसाठी हाताने एक चिमुकली फाइल बनवा. माझी आहे ३ ओळी, ४ रकान्यांची, वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन १ ते १२ आकडे, त्यातला ७ काढून तिथे रिकामी जागा. चौरस जाळी मुद्दाम घेतलेली नाही, कारण चौरसात ओळ-रकान्याची अदलाबदल झाली तरी साइझ जुळतेच. ती फाइल विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी येते आणि शून्य रेखांशावरून जाते, म्हणजे चिन्हांची गडबड असेल तर लगेच उघडी पडते. नवा फॉरमॅट आला की आधी हीच फाइल त्यातून नेऊन आणतो आणि बाहेर आलेले बारा चौकोन बघतो. ९ वरच्या ओळीत दिसला तर उत्तर-दक्षिण उलटली, १ च्या खाली ५ च्या ऐवजी २ आला तर ओळी-रकाने अदलाबदल झाले, ७ च्या जागी उणे ९९९९ हा खरा आकडा म्हणून आला तर रिकाम्या जागेची खूण गळली, आणि १ च्या जागी २५६ आला तर तो माझा जुना मित्र, बाइटचा क्रम.